कडब्याच्या रंगाचा पतंग

सुदामराव गेल्याचं त्यांच्या मुलीच्या पत्रातून कळलं, तेही दहा-बारा दिवसांनी. "बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे," असं तिनं लिहिलं होतं. ते वाचून मला सुख वाटायला हवं होतं... लाज वाटली.

सोनपेठजवळच्या एका गावात आम्ही दोघं एकाच शाळेत गुरुजी. मधल्या सुट्टीत मी तंबाखू मळायचो आणि हा माणूस ज्वारीच्या पोत्यापाशी धान्यातले पतंग धरत बसायचा. "काय सुदामराव, शिकार लय मोठी दिसायलीय!" मी चिडवायचो. ते भिंग पुढं करायचे. "बगा तर, गुरुजी." ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा जीव, रंग वाळल्या कडब्याचा, मागचे पंख बोटासारखे निमुळते आणि त्यांच्या कडेला पंखाच्या रुंदीहून लांब केसांची झालर... घरोघरी चिमटीत चिरडला जाणारा तो पतंग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. असे कितीतरी पतंग त्यांनी काचेच्या झाकणाच्या एका पेटीत टाचण्यांनी लावून ठेवले होते.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली. आपल्या वस्तीवर चाल होणार अशी कुणकुण लागताच सुदामराव बायकोपोरांना घेऊन परभणीला निघाले. जाताना पेटी माझ्या हातात दिली. "घरात ठिवा, गुरुजी. तुमच्याबिगर कुणाला देऊ?" मी हो म्हणालो. पण त्यांची वस्तू माझ्या घरात दिसली तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं ती गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं सारली. भ्याडपणा, दुसरं काय!

दिवाळीनंतर ते पेटी न्यायला आले. झाकण सैल झालं होतं, आत नुसत्या टाचण्या. "घरात मुंग्या लय झाल्यात बगा," मी म्हणालो. एका कोपऱ्यात पिवळट असं काहीतरी होतं. "एक राह्यलाय वाटतं," म्हणत त्यांनी ते चिमट्यानं उचललं, भिंगाखाली धरलं... आणि जपून परत ठेवलं.

"न्हाई. कडबा हाय."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "राहू द्या पेटी तुमच्याकडंच."

पुढं त्यांची बदली झाली. दर दिवाळीला पत्र यायचं. त्यात पेटीचा शब्द नसायचा आणि मीही कधी काढला नाही. यंदा विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा, आता तरी माफी मागू, म्हणून कार्ड आणलं. ते कोरंच राहिलं.

पेटी आता बैठकीत आहे, येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी. कडब्याचा तुकडा मी काढलेला नाही. कुणाची म्हणून कुणी विचारलं की सांगतो, माझ्या मित्राची. तेव्हा गावाला एवढंच तर सांगायचं होतं.