रेवाच्या पुस्तकातली काळी पोरगी

लातूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा चारचौघींच्या आया रडतात तशी माझी आईही रडली. रडता रडता तिनं माझ्या पिशवीत मसूर-हळदीच्या पिठाचा डबा खुपसला आणि कानाशी म्हणाली, "तिकडं सगळे गोरेच हायेत. रोज लावत जा." लेक साता समुद्रापार निघाली आणि आईला घोर कशाचा, तर रंगाचा.

रेणापूरच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे नवं नाही. बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई मला न्हाणीत बसवून ते पीठ चोळायची, कातडी चुरचुरेपर्यंत. पाहुण्यांना सांगायची, पोरगी गुणाची हाय, रंग तेवढा जरा... आणि पुढचं गिळायची.

आता इंग्लंडात माझी लेक रेवा दुसरीत आहे. रंगानं थेट माझ्यावर गेलीय. मागं शाळेत गोल करून खेळताना एका पोरानं तिचा हात धरला नाही. रंग लागेल म्हणाला. मी तिला सांगितलं, लक्ष देऊ नको, गप बस. मला तेवढंच येतं. पण तिच्या बाईंनी वर्गात एक चित्रांचं पुस्तक वाचलं. त्यातल्या काळ्या पोरीचाही हात कुणी धरत नाही. मग ती गोलाच्या मधोमध उभी राहून म्हणते, माझा हात असाच आहे, धरायचा तर धरा. रेवानं दुसऱ्या दिवशी तस्संच केलं. त्या पोरानं मुकाट हात धरला.

कौतुक वाटलंच. पण खरं सांगते, त्याच्याआधी जळफळाट झाला. ते पुस्तक घरी आणायला लायब्ररीत गेले, तर असल्या पुस्तकांचं अख्खं कपाट. काळ्या पोरी, सावळ्या पोरी, सगळ्या ताठ मानेच्या. आपल्या लहानपणी राजकन्या गोरी, परी गोरी, आणि काळी कोण, तर चेटकीण. मी तिथं उभी राहून पोटच्या पोरीवर जळत होते.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. सवयीनं तिनं विचारलं, पोरीला पीठ लावतीस का न्हाई, लई काळवंडली. रेवानं फोन ओढून घेतला, पुस्तक समोर धरलं आणि आपल्या मोडक्या मराठीत एकेक चित्र सांगितलं. शेवटी म्हणाली, "आजी, मला पीठ नको. माझा कलर ओके आहे."

आईनं चष्मा नाकावर सरकवला. मग म्हणाली, "हाव बाई. नको लावू. लई गोड दिसतीस."

माझ्या अंगाची लाही झाली. मी उभा जन्म ज्याची वाट बघितली, ते या पोरीला एका पुस्तकावर मिळालं. मी विचारलंच, "आई, मला का नाही म्हणालीस कधी असं?"

तिनं पदरानं चष्मा पुसला. "मला तरी कोण म्हणलं होतं गं? तुझा रंग माझाच हाय की. वाटायचं, माझ्यासारखं तुला ऐकून घ्यावं लागू नये." आणि लगेच रेवाला म्हणाली, ते पुस्तक परत दाखव बरं.

रेवानं पुन्हा पहिलं पान उघडलं. तिकडं आई फोनला नाक लावून बघत होती, नातीकडं. मी रेवाला जरा सरकवलं आणि माझंही तोंड स्क्रीनमध्ये घुसवलं. घर म्हणजे आता मला एवढंच उरलंय: तीन काळी तोंडं एका फोनवर, आणि त्यातलं मधलं अजून हट्ट धरून बसलेलं, की आई, माझ्याकडं बी बघ.