समोरच्यानं द्यायचा आवाज

हे मी कुणाजवळही बोललेलो नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही. आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं, त्याच्याजवळ तर नाहीच. तो गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेला. तेव्हापासून कागद घेऊन बसतो, चार ओळी लिहितो, थांबतो. आज तुम्हाला सांगणार आहे — अडखळत सांगेन, पण सांगेन.

मधुकर माझा मित्र. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात आमची घरं एकाच गल्लीत होती. त्यांचा भाजीचा मळा गावाबाहेर. शाळेत असल्यापासून तो वांग्यांची पोती सायकलवर लादून बाजारात आणायचा. मी त्या वयात पुस्तकं वाचत होतो. एवढ्यावरून आम्हा दोघांच्या पायांची कल्पना यावी.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. जिल्ह्याची सायकल शर्यत व्हायची आणि आमच्या भागातून एकालाच पाठवायचे. आम्हा दोघांनाही जायचं होतं. मी वर्ध्याच्या कॉलेजात शिकत होतो. तिथल्या वाचनालयात मला सायकलस्वारांच्या तयारीवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. मी वाचायचो आणि त्याला मराठीत सांगायचो. तो त्या पुस्तकाला पोथी म्हणायचा. रोज सकाळी अंगावर शाल गुंडाळून दारात उभा — "मास्तर, आज पोथीत काय निंगालं?"

पोथीतून जे निघेल ते आम्ही करायचो. ताकदीसाठी खांद्यावर सरकीचं अर्धं पोतं घेऊन उठाबशा. मागच्या कॅरिअरला रेतीची थैली बांधून चढ चढायचा, तोही बसूनच. सीटवरून उठायचं नाही. मग एखाद्या दिवशी सगळं वजन उतरवून नुसता वेग. आमच्या सायकली त्याच, काळ्या, जड, गावातल्या सगळ्यांच्या असतात तशा. आम्ही त्यांचे मडगार्ड आणि स्टँड काढून टाकले होते, एवढाच फरक.

वेगाच्या सरावाचा एक नियम होता. पुस्तकातला होता, पण आमच्यासाठी तो मीच केला होता, म्हणून नीट सांगतो. एकानं पुढे राहून वारा कापायचा. दुसऱ्यानं त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून यायचं, दम राखायचा आणि शेवटी बाजूनं निघून पुढे जायचं. मागच्याला रस्ता दिसत नाही. त्यानं रस्ता पाहायचाही नाही. पुढच्याच्या चाकावर नजर ठेवायची. खड्डा असो, दगड असो, बैल असो — आवाज पुढच्यानं द्यायचा.

मधुकरनं एकदाच विचारलं होतं, "अन् तू इसरला त?"

मी म्हणालो होतो, "इसरन कसा?"

आणि मी विसरलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

सेलूच्या रस्त्यावर एक उतार आहे, खाली लहान पूल. उतारावर पाय भरभर फिरवायला शिकतात, म्हणून आम्ही तो निवडला होता. पुढे मी असायचो, कारण वेग किती ठेवायचा ते मी ठरवायचो. आणि रोज पुलाच्या अलीकडे तो माझ्या बाजूनं निघून जायचा. रोज. मी सगळं पोथीप्रमाणे करत होतो — खाणं, झोप, वजन, सगळं. तरी त्याची पाठ मला रोज दिसायची. तुम्ही कधी कुणाला स्वतः शिकवलं आहे का, आणि मग त्याला आपल्यापुढे जाताना पाहिलं आहे का?

ज्या सकाळबद्दल सांगायचं आहे, तिच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, औंदा कोण जाणार? मधुकर बशीत चहा ओतत म्हणाला, "पुस्तकात मास्तर पयला, रस्त्यावर मी." सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं. लगेच त्यानं माझ्याकडे बशी सरकवली. हे मी स्वतःला सोडवून घेण्यासाठी लिहीत नाही. उलट — एवढंच होतं, यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

थंडीचे दिवस. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या. आमचा उतार तो त्यांचा चढ. चढावर बैल थकले की गाडीवान गाडी थांबवतात आणि ती मागे घसरू नये म्हणून चाकामागे दगड लावतात. बैलांनी दम खाल्ला की गाडी पुढे जाते. दगड रस्त्यातच राहतो. त्या सकाळी तसाच एक दगड राहिला होता.

मला तो दिसला. चांगला लांबून दिसला. मी ओरडू शकत होतो, हात करू शकत होतो, वेग कमी करू शकत होतो. शब्द तोंडात आला होता — आणि मी ओठ मिटले. तो पडावा असं मला वाटलं का? वाटलं. त्याचा पाय मोडावा असं नव्हतं वाटलं. पण पडावा, हे वाटलं. मी अगदी शेवटच्या क्षणी हँडल वळवलं.

मागे जो आवाज झाला तो मी लिहिणार नाही.

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, गुडघा फुटला होता. मी धावत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडून तो पहिलं हेच बोलला, "आवाज काऊन नाई देल्ला बे?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. पण मी म्हणालो, "देल्ला न. दोन खेपा देल्ला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ओळखलं यानं. पण त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, भीती होती. "मंग मले काऊन नाई आला ऐकू?"

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःच्या कानांवरचा सोडून दिला.

त्या वर्षी शर्यतीला मी गेलो. बराच मागे राहिलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मधुकरचं हाड जुळलं, गुडघाही चालण्यापुरता बरा झाला. कान तपासायला तो वर्ध्याला गेला, तेव्हा सोबतीला मीच होतो. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. बाहेर आल्यावर मधुकर म्हणाला, "डाक्टरले काय समजते? तू दोनदा वरडला अन् मले काईच नाई!" मी त्याच्याशेजारून चालत होतो. एस.टी. स्टँडपर्यंतचा रस्ता बराच लांब होता. मी चालत राहिलो.

त्याला एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं होतं. लहानपणापासून तेवढं एकच होतं त्याचं. पुढे भरतीचं बोलावणं आलं, तेव्हा तो गेला नाही. मागून हॉर्न आला आणि आपल्याला ऐकू आला नाही तर? गाडीत माणसं असतात, म्हणाला. मळ्यातच राहिला. लग्न झालं, मुलगी झाली. चारचौघांत बोलताना तो समोरच्याच्या ओठांकडे पाहायचा आणि मान थोडी पुढे करायचा. हळूहळू लोकही त्याच्याशी मोठ्यानं बोलू लागले. मीसुद्धा. मी शाळेत शिक्षक झालो होतो, सगळे मला खरंच मास्तर म्हणत होते; आणि मी त्याच्या अंगणात बसून, माझ्या मित्राशी, मोठ्या आवाजात बोलत होतो.

मधुकरच्या तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर त्याची बायको, कमलवहिनी, माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक गोष्ट इचारू का? दुसऱ्या खोलीत दूध उतू जाऊन राह्यलं, त माह्या पयले तेच उठत. पोरगी मळ्याच्या त्या टोकावरून हाक मारे, तरी ओ देत. मंग त्याइले कमी ऐकू येते म्हणत, ते खरं होतं का? ते पडले तवा तुमी संग होते म्हून इचारतो."

अंगणात आम्ही दोघंच होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो वहिनी. तवापासूनच कमी येत होतं."

तिनं मान हलवली, पदरानं डोळे पुसले आणि ती आत गेली.

मधुकरचे कान चांगले होते. मी आवाज दिलाच नव्हता.