नानांच्या नावावर गेलेला बोल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या शेठकडे वीस वर्षं काम केलं त्यांना नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

मी मोटारसायकलचा मिस्त्री. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत शेठचं गॅरेज होतं. नव्वद साल उलटल्यावर मी तिथं लागलो, तेव्हा मला पानासुद्धा धड धरता येत नव्हता. नानांनी शिकवलं. नाना गॅरेजचे मोठे मिस्त्री — मूळचे चांदवडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बोलायला कमी. बोल्ट सोडताना ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "डोळ्याला काय कळतंय त्यातलं? हाताला विचारायचं."

आता हे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या हेडला दोन बोल्टांनी धरलेला असतो. ती जागा तापते, निवते, वरून पावसाचं पाणी खाते. दोन पावसाळे हात लावला नाही तर बोल्ट गंजून हेडमध्ये जाम होतो. म्हणून नानांचा नेम होता — दर वर्षी मे महिन्यात ते दोन बोल्ट उघडायचे, तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, बोटानं काळं ग्रीस लावायचं आणि बेतानं आवळायचे. पाच-दहा मिनिटांचं काम. आणि जाम असलाच तर जोर नाही. इंजिन जरा गरम करायचं, तेल सोडायचं, वाट बघायची. मग थोडा उलटा, थोडा सुलटा. "जोर केला तर डोकं हातात यील आन् बाकीचा आत राहील," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल?

इगतपुरीचे एक गुरुजी होते. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्यांची गाडी दर मे महिन्यात नानांकडे यायची, नानांकडेच. एका वर्षी नाना मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते, म्हणून गाडी माझ्याकडे आली. मी ऑइल बदललं, प्लग साफ केला, चेन ताणली. बोल्ट उघडले नाहीत. का नाही? कंटाळा केला — एवढंच. नाना परत आल्यावर त्यांनी बोल्टांच्या ग्रीसचं विचारलं, मी म्हटलं, "केलं नाना."

हे खोटं लहान होतं. मला वाटलं, लहानच आहे.

पुढच्या मे महिन्यात गाडी आली. त्या वर्षी नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि उजवा हात मधूनमधून थरथरायचा. शेठच्या ते लक्षात आलं होतं, माझ्याही. नानांनी सकाळी गाडी घेतली, बोल्टाला पाना लावला आणि थांबले. म्हणाले, "गेल्या साली ग्रीस लावलं व्हतंस ना? मंग एवढा कसा धरला?" मी दुसऱ्या गाडीचा प्लग काढायला वळलो. त्यांनी तेल सोडलं. दुपारी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना म्हणाले, "बोल्टाला हात लावू नको. मी आल्यावर बघतो."

ते आले असते. गुरुजी चारला येणार होते, वेळ होता. मग मी हात का लावला? मला वाटत होतं — नाना आले, बोल्ट काढला, आटे कोरडेठाक दिसले की माझं गेल्या वर्षीचं खोटं उघडं पडणार. त्याआधी मला तो काढून, ग्रीस लावून ठेवायचा होता. मी पान्याला लोखंडी नळी घातली आणि अंगाचा भार टाकला.

डोकं हातात आलं.

आता ऐका. इथपर्यंत चूक होती, म्हणू या. शेठला सांगितलं असतं तर हेड उतरवलं असतं, लेथवर नेलं असतं, एक दिवस मोडला असता, बोलणी बसली असती. मी काय केलं? लोखंड चिकटवायचा मसाला घेतला आणि ते डोकं मोडक्या बोल्टावर चिकटवलं. वर तेलकट काजळी फासली. दुसरा बोल्ट होता तसाच होता. मला पक्कं माहीत होतं की हा मसाला तापल्यावर टिकत नाही. नाना यायला उशीर झाला, गुरुजी गाडी घेऊन गेले. संध्याकाळी नानांनी विचारलं, तर म्हटलं, "झालं सगळं." त्यांनी मान डोलावली.

बारा-तेरा दिवसांनी गुरुजींनी गाडी टेम्पोतून आणली. पत्नीला, म्हणजे बाईंना, मागे बसवून ते कसारा घाट उतरत होते. पाइप एकाच बोल्टावर हलत हलत सुटला आणि पुढचं टोक रस्त्यात रुतलं. गुरुजींना खरचटलं. बाईंचं उजवं मनगट मोडलं. मसाला जळून गेला होता, बोल्टाचं डोकं घाटात कुठंतरी पडलं होतं. हेडमध्ये नुसता मोडका तुकडा. गुरुजी ओरडले नाहीत. म्हणाले, "नानांच्या हातची गाडी, म्हणून मी निर्धास्त होतो."

शेठनी नानांकडे पाहिलं. नाना खाली वाकून, चांगला डोळा जवळ नेऊन, तो तुकडा बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं — अगदी साधं, खरंच आठवत नसल्यासारखं — "सुनील, डॉक्टरकडं जायच्या आधी मीच आवळले व्हते का रे हे बोल्ट?"

दारच उघडून दिलं त्यांनी. मी खरं बोलूनही बाहेर पडू शकलो असतो, खोटं बोलूनही. तुम्ही काय म्हणाला असतात?

मी म्हणालो, "हो नाना. तुम्हीच."

ते थोडा वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "मंग जास्त आवळला असंल. हाताला अंदाज ऱ्हायला नाय."

शेठ त्यांना लागेल असं काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून इंजिनाचं काम माझ्याकडे आलं आणि नानांकडे धुणं, हवा, ऑइल. दिवाळीपर्यंत नाना टिकले. मग स्वतःहूनच चांदवडला मुलीकडे गेले. मी मोठा मिस्त्री झालो. लोक मला सुनीलभाऊ म्हणायला लागले, आणि मीही वळून बघायला लागलो.

सात-आठ वर्षांनी एका लग्नाला चांदवडला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, नजर स्वच्छ होती. मुलगी चहा देताना म्हणाली, "आता दाराची कडी पण नाय बसवत. माझ्या हातानं माणसं पडतात म्हणतात." नाना हसले. मग म्हणाले, "त्या गुरुजींच्या बाईंचा हात बरा झाला का रे?"

मी म्हणालो, "झाला नाना, केव्हाच."

मला माहीत नव्हतं. गुरुजी पुन्हा आलेच नव्हते, आणि मी कधी चौकशी केली नव्हती. तो ओसरीवरचा अर्धा तास — आम्ही दोघंच होतो. मुलगी आत गेली होती. कुणी ऐकणारं नव्हतं. मी चहा संपवला आणि कांद्याच्या भावावर बोललो.

पुढच्या थंडीत नाना गेले. दहाव्याला शेठ आणि मी बरोबरच गेलो. परतताना गाडीत शेठ म्हणाले, "असा मिस्त्री पुन्हा होणार नाही. शेवटी शेवटी मात्र हात गेला होता बिचाऱ्याचा."

मी मान हलवली.

हात गेला नव्हता. ग्रीस मी लावलं नाही, बोल्ट मी मोडला, डोकं मी चिकटवलं, बाईंचं मनगट माझ्यामुळं मोडलं. आणि नानांनी विचारलं तेव्हा नाव मी त्यांचं घेतलं.