बायकोच्या कॉम्प्युटरचा बोर्ड

बायकोचा कॉम्प्युटर मी बिघडवला. सुधारतो म्हणून सांगलीला नेला, बिघडवून आणला, आणि वर तिला सांगितलं की जुनं आता चालत नाही, त्याला कोण काय करणार. हे लिहितानाही मला कसंतरी होतं.

मी कराडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये सहायक आहे. दिवसभर पोरांनी अडकवून ठेवलेली मशिनं चालू करायची, सुटलेल्या वायरी लावायच्या, कुणाचा माउस गेला, कुणी पासवर्ड विसरला ते बघायचं. संध्याकाळी घरी आल्यावर कॉम्प्युटर हा शब्दही नको होतो. त्यामुळे घरातला डेस्कटॉप वर्षानुवर्षं तसाच राहिला. एक डीटीपीवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून तो सॉफ्टवेअरसकट घेतलेला. वापरायची बायको.

ती लग्नपत्रिका करते. वास्तुशांतीची, जावळाची, उत्तरकार्याची कार्डं करते, गावच्या जत्रेची पत्रकंही. छपाई प्रेसवाला करतो, मजकूर जुळवून नक्षीत बसवून देणं हिचं. आमच्या भागात पत्रिकेतल्या नावांना फार किंमत. भावकीतलं एक नाव राहिलं किंवा धाकट्याचं थोरल्याच्या वर गेलं, तर अख्खं घर लग्नाकडे पाठ फिरवतं. फौजेतून आलेल्या माणसाचा हुद्दा चुकला तर विचारूच नका. ही सगळी घराणी बायकोनं त्या मशीनमध्ये जपलेली होती. लोक यायचे आणि म्हणायचे, "वैनी, थोरलीच्या टायमाला घातली तशीच नावं घाला. तात्या तेवढं कैलासवासी करा." ती जुनी फाईल उघडायची, तात्यांच्या नावाआधी 'कै.' लावायची, नवरानवरी बदलायची, की पत्रिका तयार.

मशीन मात्र थकलं होतं. बटण दाबून ती कणीक मळायला जायची, मळून होईपर्यंत ते कसंबसं सुरू व्हायचं. कधी मधेच बंद पडायचं. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "आवं, सुरू लवकर व्हईल एवढं बघा. बाकी कशाला हात लावू नका. मला सवय हाय त्याची."

लॅबमधल्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो हसला. "तूच रोज करतोस की रं हे. डिस्क काढून एसएसडी टाक, रॅम वाढव, पॉवर सप्लाय बदल. लय दिवस पळंल अजून."

मला ते ठाऊक होतं. पण थकलेल्या माणसाला एक घाई असते. आज डिस्क बदलायची, चार महिन्यांनी रॅम कमी पडणार, मग मदरबोर्ड जाणार, दर वेळी हिची हाक येणार आणि माझा रविवार जाणार. एकदाच काय ते संपवून टाकावं, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर हिच्या कामाला नेमकं काय लागतं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. माझ्या लेखी ते काम म्हणजे दुपारचा विरंगुळा होता. हे मी कधी बोललो नव्हतो, पण ठरवताना तसंच ठरवलं.

रविवारी सकाळी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखालून ओढलं आणि वायरी काढल्या. मागच्या बाजूला, पूर्वी प्रिंटरची रुंद वायर लागायची त्या जागी, काडेपेटीएवढी एक करडी डबी बसवलेली होती. दिवसभर असल्याच वस्तू हाताळणाऱ्या माणसानं दोन मिनिटं थांबून ती बघायला हवी होती. जुन्या प्रिंटरचं काहीतरी राहिलं असेल म्हणून मी ती तशीच राहू दिली आणि कॅबिनेट गाडीत टाकलं.

सांगलीच्या दुकानदारानंही एकदा विचारलं, "सायेब, नुसती एसएसडी टाकू का? बोर्ड चांगला हाय की हो अजून."

"नको गड्या. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच बदल. परत उघडायला लागू नये."

"मग जुनं काय करू?"

"ठेव तुझ्याकडंच."

तिचं सॉफ्टवेअर आणि फाईली तेवढ्या नव्या डिस्कवर घेतल्या आणि दुपारपर्यंत घरी आलो. बायकोनं बटण दाबलं, तर मशीन लगेच सुरू. "आता कणीक कवा मळायची मी?" असं म्हणून ती मनापासून हसली. मलाही बरं वाटलं. मग ती तिचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर उघडायला गेली. ते उघडलं नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या.

त्या वाचल्या आणि मी वाकून कॅबिनेटच्या मागं बघितलं. ती करडी डबी म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली होती. मशीनला ती लावलेली असेल तरच ते चालायचं. नव्या बोर्डाला ती लावायची जागाही नव्हती, आणि डबी तर जुन्या बोर्डासोबत सांगलीत राहिली होती.

"काय म्हणतंय वं ते?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "नव्या विंडोजवर हे जुनं चालत नाही. आता सगळीकडं असंच झालंय."

इतकं सहज तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून दुकानदाराला फोन केला. "ते तर सकाळीच भंगारवाल्याला दिलं की," तो म्हणाला. "का, सायेब? त्यात काय हुतं?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा पत्ता शोधला, तर त्यांनी तो धंदाच कधीचा सोडला होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या फाईली उघडून पाहिल्या. नावांच्या जागी चिन्हांचा नुसता चिवडा होता.

मग मी तिला मराठी टायपिंगची नवी पद्धत शिकवायला बसलो. तिची बोटं जुन्या जागी जात. एक अक्षर दाबावं आणि भलतंच उमटावं. ती खोडायची, पुन्हा दाबायची. पत्रिका एका पानाची, पण भावकी पन्नास नावांची, आणि ती सगळी आता आठवून नव्यानं घालायची. मी दिवसभर लॅबमध्ये वैतागून आलेला असे. तिच्या शेजारी बसलो की ती डबी डोळ्यांपुढे येई, आणि जितकी ती आठवे तितका मी तिच्यावरच चिडत असे. एकदा म्हणालो, "पोरांना तासाभरात येतं हे. तुला एवढं साधं कळत नाही?"

तिनं कळफलकावरची बोटं उचलली. "बोटं म्हातारी झाली माझी," म्हणाली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी उठून हातपाय धुवायला गेलो.

कामं एकेक करून कमी झाली. काही तिनं नाकारली, काही लोकांनीच दुसरीकडे नेली. मग एका संध्याकाळी आष्ट्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. त्यांच्या थोरल्या मुलीची पत्रिका हिनंच केली होती. आता धाकटीचं लग्न ठरलं होतं.

"वैनी, थोरलीसारखीच करा. एक नाव इकडं तिकडं न्हाई झालं पायजे."

"मला आता जमत न्हाई, सुभेदारसाहेब," ती म्हणाली. "मशीन यांनी चांगलं आणलंय. मीच मागं पडले."

"आवं, तुमी कशा मागं पडाल? आमच्या भावकीत लग्न झालं आणि भांडण न्हाई झालं, ते तुमच्यामुळं. बॉर्डरवर सोपं हुतं त्यापरीस."

ती हसली, चहा केला, त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. मी समोरच्या खुर्चीत होतो. माझ्यादेखत ती माझा दोष स्वतःवर घेत होती, आणि मला साधं खाकरताही आलं नाही.

सुभेदार गेले. तिनं कपाटातून जुनी चादर काढली आणि मॉनिटरवर घालू लागली. "कुणाला लागलं तर वापरील. मला काय करायचंय आता."

तेव्हा मी सांगितलं. डबी, दुकान, फोन, भंगार, सगळं. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो.

तिनं चादर अर्धवटच सोडली. मला वाटलं, डबीवरून बोलेल. ती म्हणाली, "डबी गेली ती गेली. चुकून गेली. पण तुमाला ठाऊक हुतं. ठाऊक असून शेजारी बसून मला अडाणी ठरवत हुता?"

मी अडाणी असं म्हणालो नव्हतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"तुझी बोटं चुकत नव्हती," मी म्हणालो. "काम माझ्यामुळं बंद पडलं. मी खोटं बोललो, आणि ते टोचत होतं म्हणून तुझ्यावर ओरडलो. तुला कळत नाही असं म्हणालो, ते माझं फार चुकलं. मला माफ कर."