भट्टीच्या आतला लेप

खव्याच्या भट्टीचा लेप माझ्या हातून फुटला आणि त्याचा आळ मी वहिनींवर घातला.

मिरजगावच्या अलीकडे आमच्या मळ्यात ही लाकडाची भट्टी आहे. विटांच्या आतल्या बाजूने माती आणि भुशाचा बोटभर जाड लेप. थोरला भाऊ वारल्यावर सकाळी मी आणि दुपारनंतर वहिनी, अशी आम्ही ती वापरत होतो. पटत कधीच नव्हतं. जळण ओलं का, राख कुणी काढायची, यावरून रोज धुसफुस. त्यांचा खवा माझ्याहून चांगला उतरायचा आणि व्यापारी तोच आधी उचलायचा, हे मला सलत होतं.

एकदा लग्नाला निघायची घाई होती. अर्धी जळालेली लाकडं बाहेर ओढून विझवायची असतात. मी भट्टीच्या तोंडातूनच पाण्याची बादली ओतली. तापलेला लेप तडतडला. तडे राखेच्या गाऱ्याने बुजवून मी निघून गेलो. दुपारी वहिनींच्या पाळीत लेपाचा मोठा तुकडा निखळला, जाळ कढईच्या एकाच अंगाला लागला आणि सगळा खवा करपला.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या लोकांपुढे मी म्हणालो, लाकडं आपटून तुम्हीच पाडला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, भट्टीला हात लावून सांगा."

भट्टीला आम्ही रोज हळदकुंकू वाहूनच जाळ घालतो. तिला हात लावून कुणी खोटं बोलत नाही. मी हात लावला आणि बोललो.

त्यानंतर बोलणं तुटलं. त्या राख माझ्या कॅनपाशी ओतायच्या, मी त्यांचं जळण उघड्यावर टाकायचो. लेप रोज थोडा गळत होता, विटांचे सांधे उघडे पडत होते. पण जो लिंपेल त्यानेच फोडला असं ठरलं असतं, म्हणून कुणी मातीला हात लावेना. बुजवलेले बाकीचे तडे कुठे आहेत हे मला माहीत होतं, मी जाळ सरकवून घ्यायचो. त्यांच्या खव्याला मात्र धुराचा वास येऊ लागला. शेवटी व्यापाऱ्याने त्यांचा खवा घेणं बंद केलं, आणि त्याच संध्याकाळी त्या आपली कढई न्यायला आल्या.

मी म्हणालो, "वहिनी, आत पाणी मी ओतलं होतं."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "ठावं हाय मला. पडलेल्या गाऱ्यात तुमची बोटं उमटली हुती. मला कशाला सांगता? ज्यांच्यापुढं बोललात त्यांच्यापुढं बोला."

सकाळी लोक कॅन उतरवत होते. वहिनी भट्टीच्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या, संध्याकाळी न नेलेली कढई पायाशी. मी गार भट्टीवर हात ठेवला.

"लेप मी फोडला. हिला हात लावून मी खोटं बोललो. वहिनी, चुकलो मी. माफी मागतो."