लाटण्याएवढा मासा

नियम नसलेली जागा दिसली की आमच्या घरमालकांच्या पोटात दुखायला लागे. जगात अशी माणसं थोडी नसतात, पण बाकीची नुसती कण्हतात; आमचे घरमालक तिथल्या तिथे नियम करून मोकळे होत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा सहा फुटी, ताठ, पांढऱ्या मिश्यांचा माणूस सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या अलीकडच्या एका कोरड्या गावात आपलं घर, गोठा, विहीर आणि दोन भाडेकरू यांच्यावर राज्य करत होता. त्यातला एक भाडेकरू मी. गावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. खोली बघायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं चटकन आटोपलं आणि नियमांचं बोलणं चहाचे दोन कप होईपर्यंत चाललं. विहिरीचा दोर उजवीकडूनच गुंडाळायचा. चपला जोडीनं, भिंतीला टाचा लावून. सायकल अंगणात लावताना तिचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे. "का हो?" असं मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, निघायचा हुकूम आला तर सायकल वळवण्यात टाईम जातो." मला या गावात निघायचा हुकूम कोण देणार, ते काही मी विचारलं नाही. सायकलीचं तोंड मात्र पुढली कितीतरी वर्षं रस्त्याकडे राहिलं.

नियमांच्या खालोखाल त्यांचा जीव कशात असेल तर तो मासे धरण्यात. फौजेत असताना कुठल्याशा छावणीजवळच्या नदीवर एका मेजरसाहेबानं त्यांना गळ टाकायला शिकवलं होतं आणि निवृत्तीच्या वेळी स्वतःची विलायती काठी भेट दिली होती. त्या काठीला दोरा गुंडाळायचं चाक होतं. गावात तोवर गळ म्हणजे बांबूची काठी, सुतळीचा दोरा आणि गांडूळ. ते चाक बघायला लोक आठवडाभर येत होते. "सुभेदारानं माशासाठी रहाट आणलाय," असं म्हणून त्याचं नाव रहाटच पडलं. गांडुळाला ते हात लावत नसत. कणकेत हिंग घालून तिच्या गोळ्या करत. त्यासाठी सणासुदीला ठेवलेली कणीक पहाटे गुपचूप पळवावी लागे, कारण काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माशाचं नावही खपत नव्हतं. चुलीजवळ मासा आणायला बंदी होती. धरलेला मासा सुभेदार परसात तीन दगड मांडून स्वतः शिजवत आणि तिथेच उकिडवे बसून खात. घरातला हा एकच नियम त्यांनी केलेला नव्हता, आणि तो मोडायची त्यांची छातीही नव्हती.

गावाबाहेर पंचायतीचं तळं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते तळापर्यंत आटलं, चिखलाच्या खपल्या झाल्या आणि शेवटच्या डबक्यात अडकलेला मासा लोकांनी पाट्या भरभरून नेला. पुढं पाऊस झाला, तळं भरलं, पण त्यात बेडकांशिवाय कुणी नव्हतं. मग सरकारी खात्याची जीप प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्या घेऊन आली आणि नखाएवढी पिल्लं पाण्यात सोडून गेली. रोहू, कटला अशी त्यांची नावं सांगितली गेली. त्या दिवसापासून सुभेदार रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन नुसतं पाण्याकडे बघत बसायला लागले. पिल्लं बोटाएवढी झाली, मग पंजाएवढी, आणि एके दिवशी त्यांना आमच्या गल्लीतला शिंपी पिशवी घेऊन तळ्यावरून येताना दिसला.

हा शिंपी बारीक चणीचा, गोड बोलणारा आणि गळ टाकण्यात वस्ताद. सुभेदारांचा तो दोस्तही होता आणि दुखणंही. सुभेदारांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि रस्त्यातच ओरडले, "आरं ही बालवाडीतली पोरं हाईत रं! कुनाला धरून आणलंस ह्ये?"

"सुभेदार, ल्हान मासा लय गोड लागतोय," शिंपी शांतपणे म्हणाला. "आन् मी न्हाई धरला तर दुसरा धरंल की. तळ्याला काय नियम हाय व्हय?"

नियम हाय व्हय! असा प्रश्न आमच्या घरमालकांना विचारणं म्हणजे गंजीत काडी टाकणं. दुसऱ्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर सरपंच, शिंपी, तालमीतला पैलवान आणि गळ टाकणारे झाडून सगळे गोळा केले गेले. मीही होतो, कारण भाडेकरूंनी सभेला हजर राहायचं असा नियम त्याच दुपारी झाला होता. सुभेदारांनी उभं राहून सांगितलं की तळं गावाचं आहे, मासा गावाचा आहे, आणि यापुढं जाळं बंद, फक्त गळ. माणशी दिवसाला दोन मासे. आणि वितीपेक्षा आखूड मासा परत पाण्यात.

"वीत कुनाची?" शिंप्यानं विचारलं.

सभा तिथंच अडली. शिंप्यानं आपली वीत दाखवली, ती पोपटाच्या पायाएवढी. पैलवानानं आपला पंजा पसरला, तर लोक म्हणाले या मापाचा मासा समुद्रात मिळतो. प्रत्येक जण हात पुढं करून बोटं ताणायला लागला. शिंप्यानं गळ्यातली मापाची पट्टी काढली, त्यावर सुभेदार कडाडले, "ती पट्टी नको. त्या पट्टीनं शिवलेला माझा सदरा बेंबीच्या वर हाय!" सरपंच म्हणाले, दगडावर खूण करू, तर दगड कुणाच्या बाजूचा यावर भांडण. अंधार पडत आला, तेव्हा चहाची किटली घेऊन काकू दारात आल्या. आतून त्या सगळं ऐकत होत्या.

"आवं, एवढं का भांडताय?" त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. "माझं लाटणं न्या आन् मोजा मासं! तेवढंच ऱ्हायलंय बाटायचं!"

त्या टोमणा मारून आत गेल्या. पण सुभेदारांनी टोमणा ऐकलाच नाही. त्यांनी नियम ऐकला. "मंजूर!" ते म्हणाले, आणि बाकीच्यांना घरी जायची घाई झाली होती म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या बाभळीला साखळीनं एक लाटणं लटकलं. घरात रोज ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, ती हातावरच थापायची. त्यामुळे लाटणं गेल्याचं काकूंना कळायला बरेच दिवस लागले. कळलं ते होळीच्या दिवशी, पुरण शिजल्यावर. त्यानंतर जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे आणि इथे लिहिणार नाही. मात्र त्याच सकाळी आणखी एक नियम गावाला कळवण्यात आला : लाटणं पोळ्यांना गेलं असेल त्या दिवशी तळं बंद.

नियम झाले तशा पळवाटाही झाल्या. माणशी दोन मासे म्हटल्यावर पैलवान आपल्या थकलेल्या आजीला खाटेसकट तळ्यावर आणून ठेवायला लागला. म्हातारीच्या हातात गळ असे आणि म्हातारी घोरत असे. सुभेदारांनी शिट्टी वाजवून नवा नियम सांगितला की गळ टाकणारा माणूस जागा पाहिजे. मग पैलवान आजीला मधूनमधून चिमटे काढायचा. शिंपी लाटण्याला मासा लावताना त्याची शेपटी अशा हातानं ओढायचा की कापड ओढायची सवय कळावी. सुभेदार सगळ्यांचे मासे मोजत, आणि स्वतःचे तर दोनदा. एकदा त्यांच्या रहाटाला झकास रोहू लागला. बाभळीखाली नेऊन लाटण्याला लावला तर जवभर कमी. सुभेदारांनी तो उलटा करून लावला. मग डाव्या बाजूनं लावला. मासा वळवळत होता. "सावधान!" ते त्या माशावर खेकसले. मासा क्षणभर खरोखरच ताठ झाला, पण जवभर कमी तो कमीच. सुभेदारांनी गुडघाभर पाण्यात जाऊन तो सोडला आणि बाहेर येऊन शिंप्याला म्हणाले, "बघतोस काय? हस की." पण शिंपी काही हसला नाही.

खरी कसोटी लागली ती आषाढात. पावसात मासा अंड्यांनी भरतो आणि ओढ्याच्या तोंडाशी चढणीला लागतो. तेव्हा आषाढ आणि श्रावण गळ बंद, असं सुभेदारांनी ठरवलं होतं आणि त्याला 'बाळंतपणाची रजा' असं नाव दिलं होतं. श्रावणाला कुणाची हरकत नव्हती, श्रावणात खातंय कोण! पण आखाड म्हणजे खायचा महिना. "आखाडात न्हाई खायचं तर काय दिवाळीत फराळाला मासा घ्यायचा?" असं शिंपी चावडीवर उघड म्हणत होता, आणि सगळं गाव सुभेदार कधी चुकतात याची वाट बघत होतं. ते चुकले की बाभळीवरचं लाटणं त्याच दिवशी घरी येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

नेमकी त्याच आषाढात त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कऱ्हाडकडे दिलेली, अंगानं नाजूक, बापाची लाडकी. आल्यापासून तिच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी नको, भात नको. काकू रडकुंडीला आल्या. एका सकाळी ती खांबाला टेकून बसली होती, आणि एकदम म्हणाली, "आबा, मासा खावासा वाटतोय. आपल्या तळ्यातला."

मी माझ्या दारात दाढी करत होतो. माझा हात थांबला. काकू आतून बाहेर आल्या. ज्या बाईनं आयुष्यभर माशाला उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती म्हणाली, "आणा जावा. माझ्या चुलीवर करते मी. डोहाळं न्हाई पुरवलं तर बाळाचं कान फुटत्यात."

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सरपंच स्वतः येऊन म्हणाले, "लेकीसाठी हाय, सुभेदार. गाव काय म्हननार न्हाई." शिंपी तर गळ घेऊनच आला. "तुमी नगा टाकू. मी टाकतो. नियम मोडला तर माझ्या नावावर." आणि हे तो कुत्सितपणानं म्हणत नव्हता. सुभेदारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, रहाट लावलेली काठी खुंटीवरून काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खुंटीला अडकवली. मग कोट चढवला, झाकणाचा डबा घेतला आणि सांगलीची एस.टी. धरली.

जाताना काही झालं नाही. येताना डब्यात कृष्णेचा मासा होता, एस.टी. भरलेली होती, आणि दमट हवेत त्या माशानं आपण कोण आहोत ते सगळ्यांना सांगितलं. लोक कुरकुरायला लागले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, डबा टपावर ठेवा." सुभेदार म्हणाले, "टपावरनं पडला तर?" कंडक्टरला घाई होती. "मग तुमीबी बसा टपावर डबा धरून." आता टपावर प्रवाशानं बसायचं नाही हा नियम. सुभेदारांनी कंडक्टरला तो नियम सुनावला, आणि नियम सुनावल्यावर आपल्यापुढे एकच वाट उरली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते खाली उतरले. भुरभुर पावसात, चिखलातून, डबा छातीशी धरून तो म्हातारा कोसन् कोस चालत आला. गावात शिरणारा रस्ता तळ्याच्या काठानं येतो. चढणीला लागलेला मासा ओढ्याच्या तोंडाशी फटाफट उड्या मारत होता. हात घातला तर हातात यावा असा.

तिथंच त्यांना शिंपी भेटला. तोच पुढं मला सांगायचा की सुभेदार थांबले, त्या उड्या बघितल्या, कपाळावरचं पाणी पुसलं आणि एवढंच म्हणाले, "ह्यांच्याबी लेकी बाळंतपणाला आल्यात गड्या." शिंप्यानं त्यांच्या हातातून डबा घेतला आणि घरापर्यंत आणून दिला.

काकूंनी नाकाला पदर लावून, श्वास रोखून, आयुष्यातला पहिला मासा शिजवला. त्यात मीठ दोनदा पडलं. लेकीनं दोन घास रश्शाचे घेतले आणि म्हणाली, "आबा, मासा नगो, काटं लय हाईत. नुसता रस्साच वाढा." सुभेदार त्या वेळी पाय शेकत बसले होते. त्यांनी मान वळवून बघितलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. उरलेला मासा त्यांनी, मी आणि शिंप्यानं खाल्ला. चुलीपुढं, घरात बसून. त्या आषाढात मग तळ्यावर कुणी गळ टाकला नाही. पैलवानाची आजीसुद्धा घरीच झोपली. लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिचे कान उत्तम होते. आजोबांचा आवाज आला की आधी रडायची, म्हणजे ऐकू चांगलं येत होतं.

पुढं माझी बदली झाली ती थेट मेढ्याला, सातारा जिल्ह्याच्या डोंगरात. तिथे पावसाळ्यात घराच्या चारही बाजूंनी पाणी वाहायचं. एका पावसाळ्यात सुभेदार कऱ्हाडला लेकीकडे आले होते, तिथून मला भेटायला मेढ्यापर्यंत आले. काठी टेकत चालत होते, मिश्या विरळ झाल्या होत्या. माझ्या घराजवळ एक ओढा आहे, त्याच्या लहानशा पुलावर आम्ही पोचलो आणि ते थांबले. खाली पाणी फेसाळत, दगडांवर आदळत चाललं होतं. वरून डोंगराचे धबधबे येऊन त्यात पडत होते. कोरड्या मुलखात जन्म काढलेला तो माणूस कठड्याला धरून वाकून बघत राहिला.

"ह्ये सगळं असंच जातंय?" त्यांनी विचारलं.

"असंच जातं," मी म्हटलं. "इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही."

मला वाटलं, आता नियम येणार. मी वाटही बघितली. पण नियम काही आला नाही. पाऊस वाढला, मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि म्हटलं, "चला, सुभेदार, चहा गार होईल."

"व्हऊ दे," ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "जरा बघू द्या मास्तर."

मग मीही थांबलो. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.