मागच्या बाकांचा प्याला

“बिशपसाहेब, मागच्या बाकांना भाकर बुडवूनच द्यायची. प्याला न्हाई. तुम्हाला तर म्हाईतच हाय.”

चर्चचे सेक्रेटरी माझ्या कानाशी वाकून बोलले. अगदी अदबीनं. बिशप झाल्यावर मुखेडजवळच्या माझ्या गावातलं माझं हे पहिलंच प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस वाटायचा विधी. अंगावर जांभळा झगा, हातात चांदीचा प्याला. तरी त्यांनी मला माझी जागा दाखवलीच.

माहीत होतंच. पुढचे बाक मिशन कंपाउंडातल्या जुन्या, जमीनवाल्या घरांचे. मागचे आम्हा मांगवाड्यातल्यांचे. देव एक, द्राक्षारसाचा प्यालाही एक. पण आमचं तोंड त्या प्याल्याला लागलेलं पुढच्यांना खपायचं नाही. मग आम्हाला भाकरीचा तुकडा बुडवून, तळहातावर वरून. करोनात सगळ्यांनाच तसं मिळालं. तेवढे दिवस आम्ही सारखे होतो. साथ सरली, प्याला परत आला, तो पुढच्या बाकांपुरता. मागच्यांना म्हणे आजार असतात.

बिशप होण्याआधी मी लातूरच्या चर्चात पाळक होतो, मग उदगीरला. या गावात बदली कधी मागितली नाही. भीत होतो, दुसरं काय!

मी मागच्या बाकांपाशी गेलो. तिथं आई बसली होती. तिनं जन्मभर हेच चर्च झाडलं. मी तुकडा बुडवला आणि तिच्या हातावर टाकला. वरून. बोट लागू न देता. माझ्या आईला.

तिनं प्याल्याकडं पाहिलं. “लेकरा, सरला का रे?”

“हाव,” मी म्हणालो.

प्याला अर्धा भरलेला होता. तिला दिसत होता.

उपासना संपली, तसा मी तो प्याला झग्याआड लपवून घरी नेला. आई भाकरी थापत होती. मी प्याला पुढं धरला. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“चोरून कशाला पाजतूस? माझ्या बाकावरच्या समद्यान्ला दे. त्यांच्यादेखत दे.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. झगा काढून चुलीत घालावासा वाटला.

पुढच्या रविवारी परत गेलो. प्याला घेतला आणि पुढचे बाक ओलांडून सरळ मागं निघालो. आईशेजारची म्हातारी बिचकून मागं सरली. मी तिच्या ओठांना प्याला लावला. मग आईच्या. आईनं घोट घेतला. चेहरा तसाच.

“लई उशीर केलास,” ती म्हणाली.

तोच प्याला घेऊन मी पुढं आलो. पुढचे बाक उठून निघाले होते. सेक्रेटरी दारात थांबले. “साहेब, खुर्ची ऱ्हाणार न्हाई तुमची.”

नाही राहिली तर नाही. आईशी भरल्या प्याल्यासमोर खोटं बोललो, ते पुसलं जाणार नाही. माफी मागून मला मोकळंही व्हायचं नाही. पण खुर्ची आहे तोवर चर्च देगलूरचं असो की रेणापूरचं, प्याला मागच्या बाकापासूनच सुरू होईल. आमच्या उष्ट्याचा ज्यांना विटाळ होतो, त्यांनी कोरड्या तोंडानं घरी जावं.